मुलं दिसत नाहीत, मग शिकवू कुणाला?

‘मॅडम, मी भिंतीशी बोलतो.’

हे वाक्य, शब्द थोडेफार बदलून, ऑनलाइन शिकवणाऱ्या शिक्षकांकडून मी समुपदेशक म्हणून २०२० पासून सतत ऐकते आहे. त्या वर्षी १९० हून अधिक देशांत शाळा बंद झाल्या आणि युनेस्कोच्या आकडेवारीनुसार दीडशे कोटींहून अधिक विद्यार्थ्यांचं शिक्षण एकदम घरात आलं. पुढे शाळा उघडल्या, पण तक्रार थांबली नाही, कारण ऑनलाइन शिकवणं पूर्णपणे गेलंच नाही. कुठे संध्याकाळचे शंकानिरसनाचे तास पडद्यावर होतात, कुठे धडे रेकॉर्ड करून ठेवावे लागतात, कुठे निम्मी मुलं समोर आणि निम्मी स्क्रीनवर असतात. आणि ही तक्रार घेऊन माझ्याकडे येतात ते बहुतेक मनापासून शिकवणारे शिक्षक. ज्याला मुलांकडे बघायची सवयच नव्हती, त्याला ती दिसेनाशी झाल्याचा त्रास कशाला होईल?

अशाच एका सरांबद्दल लिहिते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. सर गणित शिकवतात, हयात वर्गात गेलेली. आले तेव्हा झोप उडालेली होती आणि ऑनलाइन तासाच्या आदल्या रात्रीपासून पोटात गोळा यायचा.

‘तासाला नेमकं काय होतं?’ मी विचारलं.

‘चाळीस काळे चौकोन असतात. खाली नावं. मी विचारतो, समजलं का? दोघं-तिघं ‘यस सर’ लिहितात. बाकी सगळं शांत. मी डोळे बघून शिकवणारा माणूस आहे हो.’

‘आणि तास संपल्यावर मनात काय येतं?’

‘की आपलं आता संपलं.’ थोडं थांबून म्हणाले, ‘परवा एका मुलीनं लिहिलं, सर, या धड्याचा व्हिडिओ पाहिला, त्यात जास्त छान समजलं. वाईट हेतूनं नव्हतं लिहिलं तिनं. पण त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.’

सहकारी त्यांना धीर देत होतेच. ‘सर, तुमच्यासारखं कोण शिकवतं?’ अशा कौतुकाचा परिणाम पुढच्या काळ्या चौकोनापर्यंतच टिकतो. म्हणून मी कौतुक केलं नाही. एक कागद दिला आणि मधोमध रेघ ओढायला सांगितली. डावीकडे जे घडलं ते, उजवीकडे त्यावरून स्वतःला जे सांगितलं ते. डावीकडे आलं, ‘कॅमेरे बंद होते.’ उजवीकडे, ‘मुलं मला कंटाळली.’ डावीकडे, ‘एकीला व्हिडिओ आवडला.’ उजवीकडे, ‘माझी गरज उरली नाही.’

मी फक्त एवढंच विचारलं, ‘सर, डावीकडच्यावरून उजवीकडचं सिद्ध होतं?’

गणिताच्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. ते कागदाकडे बघत म्हणाले, ‘नाही. मधल्या पायऱ्याच नाहीत.’

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडलेली विवेकनिष्ठ विचारपद्धती मी माझ्या कामाचा पाया मानते. घटना आपल्याला थेट खचवत नाही, तिच्याविषयी आपण धरलेली समजूत खचवते, हे तिचं सार. ते ऐकायला सोपं वाटतं. पण एखादा माणूस स्वतःच्या हस्ताक्षरात, स्वतःच्या समजुतीत ती गाळलेली पायरी शोधतो, तेव्हा त्याच्या खांद्यांचा ताण उतरताना मी पाहिला आहे. दुसऱ्या कुणी समजावून तो उतरत नाही.

कॅमेरे बंद असण्याची आणखी कोणती कारणं असू शकतील, याची यादी सरांनीच केली: घरात जागा नाही, नेट पुरत नाही, मागे भावंडं फिरतात, चेहऱ्यावर पुरळ आलंय. शेवटच्या कारणावर मी थांबले. स्टॅनफर्ड विद्यापीठातले संशोधक जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ-बैठकांनी येणाऱ्या थकव्याची चार कारणं मांडली होती: अगदी जवळून रोखलेल्या नजरा, सतत स्वतःचाच चेहरा समोर, जागेवरून हलायची सोय नाही आणि हावभाव कळायला व कळवायला लागणारे जादा कष्ट. मोठी माणसं यानं थकतात. मग चौदा वर्षांच्या मुलाला तासभर स्वतःचा चेहरा, तोही सगळ्या वर्गासमोर बघत बसणं किती जड जात असेल! सर म्हणाले, ‘हे मला टाळणं नाहीच मग.’ त्या रात्री त्यांना झोप लागली.

पण गाठ अजून सुटली नव्हती. पुढच्या भेटीत ते पुन्हा तिथेच आले. ‘मुलांचा दोष नाही, मान्य. पण वर्गात मला कळायचं कुणाला समजलं ते. इथे कळत नाही. मग मी शिकवतोय कशाच्या आधारावर?’

हा प्रश्न खरा होता. त्याला समजूत म्हणून बाजूला सारणं अन्यायाचं ठरलं असतं.

‘वर्गात कसं कळायचं?’ मी विचारलं.

‘चेहऱ्यावरून. माना डोलायच्या. एखाद्याच्या कपाळावर आठी दिसली की मी परत सांगायचो.’

‘आणि पेपर तपासताना कधी आश्चर्य वाटलं?’

सर बराच वेळ गप्प होते. अशा शांततेत मी मध्ये बोलत नाही, आणि माझ्या कामातला हा संयम मी कष्टानं कमावला आहे.

‘दर वर्षी,’ ते म्हणाले. ‘एक मुलगा होता. पहिल्या बाकावर. वर्षभर मान डोलवायचा. अवयव पाडायला शिकवताना तर पुढचं पद माझ्याबरोबर बोलायचा. परीक्षेत तोच प्रश्न कोरा.’ मग जरा वेळानं, ‘आणि खिडकीशी बसणारी एक मुलगी. कधी वर बघायची नाही. मी तिला दोनदा रागावलो होतो. तिनं माझ्यापेक्षा छोटी रीत काढली होती.’

‘मग चेहऱ्यावरून काय कळत होतं, सर?’

‘ते माझ्याबरोबर आहेत, एवढंच.’ त्यांचा आवाज बदलला होता. ‘त्यांना येतंय की नाही, ते मला तेव्हाही दिसत नव्हतं.’

या भेटीविषयी मी इतकं लिहिते आहे, कारण तोपर्यंत ऐकलेल्या साऱ्या तक्रारींचा अर्थ मला तिथे एकत्र सापडला. चेहऱ्यांमधून शिक्षकाला दोन गोष्टी मिळतात: सोबत आणि पुरावा. सोबत खरी असते. तिच्याशिवाय ओकंबोकं वाटणं अगदी स्वाभाविक आहे, आणि ते दुःख मी कधीच खोडून काढत नाही. पुरावा मात्र कच्चा असतो. ऑनलाइनमध्ये सोबत कमी होते आणि शिक्षकाला वाटतं, पुरावाही गेला. तो मिळवायची दुसरी रीत शोधावी लागते, आणि ती सापडते.

पुढच्या तासासाठी आम्ही एकच गोष्ट ठरवली. ‘समजलं का’ विचारायचं नाही. एक उदाहरण द्यायचं, तीन मिनिटं गप्प राहायचं, सगळ्यांनी उत्तर चॅटमध्ये लिहून ठेवायचं आणि सरांनी सांगितल्यावरच एकदम पाठवायचं.

सर पुढच्या वेळी आले ते अस्वस्थच. ‘(अ + ब) चा वर्ग लिहायला सांगितलं. निम्म्याहून जास्त जणांनी अ² + ब² लिहिलं! मधलं २अब गायब! दोन तास घालवले होते मी त्यावर.’

‘वर्गात असते तर हे कधी कळलं असतं?’

‘सहामाहीला.’ आणि ते एकदम हसले. ‘मॅडम, आयुष्यात पहिल्यांदा मला एका मिनिटात सगळ्या वर्गाची उत्तरं दिसली. हात वर करणाऱ्या चौघांची नाही. सगळ्यांची.’

यानंतर त्यांनी जे केलं ते मी सुचवलेलं नव्हतं. मुलांना कागदाचा चौरस घ्यायला सांगितलं, बाजूंवर अ आणि ब मापं आखून त्याचे चार तुकडे कापायला लावले: दोन चौरस, दोन आयत. आणि म्हणाले, ‘चेहरा दाखवू नका. कॅमेरा खाली वळवा, फक्त हात आणि कागद दिसू दे.’ इतके दिवस काळे असलेले बहुतेक चौकोन उघडले. पडद्यावर कात्र्या, बोटं, कागद. ते दोन आयत हातात धरून एका मुलानं माइक सुरू केला: ‘सर, हेच का ते २अब?’ हे सांगताना सरांचे डोळे भरून आले, आणि माझेही.

आता जे मी अशा प्रत्येक शिक्षकाला सांगते, ते सांगते.

दूरवरून शिकवणं नवं नाही. आयझॅक पिटमन १८४० पासून इंग्लंडमध्ये पोस्टानं लघुलिपी शिकवत होते. त्यांनी ना विद्यार्थ्यांचे चेहरे पाहिले ना आवाज ऐकले. विद्यार्थी लिहून पाठवायचे आणि कागद तपासून परत यायचा. तो परत येणारा कागद हाच त्यांचा वर्ग होता. उलट २०११ मध्ये स्टॅनफर्डचा कृत्रिम बुद्धिमत्तेवरचा अभ्यासक्रम सर्वांना खुला झाला, तेव्हा दीड लाखाहून अधिक लोकांनी नाव नोंदवलं आणि पूर्ण केला तो साधारण २३ हजारांनी. शिकवणारे नामवंत होते, व्हिडिओ चांगले होते, स्वाध्यायही होते. पण एवढ्या गर्दीत ‘तू आज आला नाहीस’ असं एकेकाला म्हणणारं कोण असणार? व्हिडिओ आपली जागा घेईल अशी भीती वाटते तेव्हा हे आठवावं. चुकीच्या पायरीवर बोट ठेवणारं माणूस अजून लागतं.

आणि ‘व्हिडिओत जास्त छान समजलं’ या वाक्यानं घायाळ होऊ नका. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांवर झालेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सफाईदार व्याख्यान ऐकणाऱ्यांना आपण जास्त शिकलो असं वाटलं, पण चाचणीत सरस ठरले स्वतः धडपडून उदाहरणं सोडवणारे, ज्यांना आपण कमी शिकलो असं वाटत होतं. समजल्यासारखं वाटणं सुखाचं असतं. त्या मुलीनं तेच सुख तुम्हाला कळवलं. तिला पुढचं उदाहरण द्या.

प्रश्न विचारल्यावर थांबा. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांच्या ध्वनिफिती तपासल्या. प्रश्नानंतर शिक्षक सरासरी एक सेकंदही नीट थांबत नव्हते, आणि हा वेळ तीन सेकंदांवर नेला की उत्तरं लांब, विचारपूर्वक यायची आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलायची. पडद्यावर तर मुलाला माइक सुरू करायचा असतो, धीर गोळा करायचा असतो. तिथली शांतता तुम्हाला नकारासारखी ऐकू येते, म्हणून तुम्ही घाईनं स्वतःच उत्तर देता. मनात सावकाश दहा मोजा. स्वतःचा चेहरा पडद्यावरून लपवायची सोय असते, ती वापरा. नाहीतर शिकवता शिकवता तुम्ही स्वतःचीच परीक्षा घेत बसता.

आठवण येते, वर्ग हवासा वाटतो, खडूचा हात सुना वाटतो, याला माझ्याकडे औषध नाही आणि ते असूही नये. ‘मला वर्ग हवा आहे’ म्हणणारा माणूस दुःखी असतो. ‘वर्ग नाही म्हणजे मी कवडीमोलाचा’ म्हणणारा खचतो. माझं काम या दुसऱ्या वाक्यापाशी सुरू होतं. झोप, भूक आणि कामावरचं मन काही आठवडे उडालेलं असेल, तर एकट्यानं सोसत बसू नका. समुपदेशकाकडे या, आणि गरज असेल तर डॉक्टरकडेही जा.

एक गोष्ट मात्र विचार बदलून सुटणारी नाही. सरांना रात्री अकरापर्यंत मुलांचे आणि पालकांचे मेसेज यायचे, आणि लगेच उत्तर न देणं म्हणजे कामचुकारपणा, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. त्यातला अपराधी भाव आम्ही बोलून कमी केला. पण मेसेज येणं थांबवायचं, तर शाळेशीच बोलायला हवं होतं. त्यांनी मुख्याध्यापकांना लेखी विनंती केली, एका महिन्यानं पुन्हा आठवण दिली, आणि आता संध्याकाळी सातनंतर आलेल्या शंकांना दुसऱ्या दिवशी उत्तर मिळेल, असं शाळेनंच पालकांना कळवलं आहे. तीन मुलांचे चौकोन अजूनही काळेच असतात. त्यांच्या घरी सर आठवड्यातून एकदा फोन करतात.