अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या स्थानिक स्की-मासिकाची वर्गणी भरावी का? सगळं तर यूट्यूबवर फुकट मिळतं

भरा. पण "सगळं फुकट मिळतं" हे वाचून माझं डोकं जरा फिरलंय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

तुम्ही म्हणता, नुकतेच इकडे राहायला आलात, मुलांना स्कीइंग शिकवायचंय, ग्रंथालयात हे मासिक चाळलं आणि त्यात शिकण्यासारखं काही दिसलं नाही. बरोबर आहे, नसतंच. वळायचं कसं, थांबायचं कसं हे यूट्यूबवरच बघा, नाहीतर सरळ शिकवणी लावा. मी छत्तिसाव्या वर्षी शिकले, मुलीबरोबर एकाच दिवशी सुरुवात करून. ती दुपारपर्यंत डोंगरावर नेणाऱ्या खुर्च्यांच्या लिफ्टवर चढली आणि मी दोन शनिवार चार-चार वर्षांच्या पोरांबरोबर सरकत्या पट्ट्यावर उभी होते. त्यात मी घेते त्या मासिकाचा काही उपयोग झाला नाही.

उपयोग झाला तो दुसऱ्याच गोष्टीसाठी. डोंगरवाले, म्हणजे स्कीइंगचा डोंगर चालवणारे, रोज सकाळी बर्फाचा अहवाल देतात ना, त्यात "फ्रोझन ग्रॅन्युलर" असं काहीतरी छान लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ असा, की परवा पाऊस पडला, काल रात्री सगळं गोठलं आणि पहाटे यंत्र फिरवून त्या बर्फाचा चुरा केलाय. अकरापर्यंत तो चुरा लोकांच्या स्कींनी बाजूला सारला जातो आणि खाली उरते ती काच. हे मला मासिकातल्या एका जुन्या स्की-पेट्रोलवाल्याच्या, म्हणजे डोंगरावर गस्त घालणाऱ्याच्या, सदरातून कळलं. तिकीट विकणारा माणूस हे कशाला सांगेल? अमेरिकेतला पहिला रोप टो, म्हणजे स्कीअरला वर ओढून नेणारा फिरता दोर, १९३४ साली इथेच वुडस्टॉकजवळ एका शेताच्या उतारावर लागला आणि तो फोर्डच्या मॉडेल टी गाडीच्या इंजिनावर चालायचा, हेही तिथेच वाचलं. आता त्या रस्त्याने जाताना मी गाडी हळू करते. नवरा म्हणतो, त्याने तुझं स्कीइंग सुधारलं का? नाही सुधारलं.

हा नवरा या उत्तरात पुन्हा येणार आहे. त्याच्या मते ते मासिक म्हणजे "घरं विकायचं चोपडं". एकदा त्याने माझ्यासमोर पानं मोजली होती. जाहिराती निम्म्याहून जास्त निघाल्या.

तर माझी गोष्ट. मॅड रिव्हर ग्लेन नावाचा डोंगर तुम्हाला माहीत असेल. नसेल तर मुलं जरा तयार झाली की न्या, त्याआधी नको, रडतील. तिथे १९४८ पासून एकेकट्याने बसायची खुर्ची आहे. १९९५ पासून तो डोंगर स्कीअर लोकांच्या सहकारी संस्थेच्या मालकीचा आहे, आणि २००७ मध्ये ती लिफ्ट म्हातारी झाली तेव्हा दोघांची नवी बसवण्याऐवजी त्यांनी वर्गणी काढून एकट्याचीच दुरुस्त केली. (स्नोबोर्ड चालत नाही. तुमच्या मुलांना तोच शिकायचा असेल तर हा परिच्छेद विसरा.) त्या खुर्चीवर मी पहिल्यांदा बसले तेव्हा लक्षात आलं, की वर पोचेपर्यंत मला कोणीही "तू मूळची कुठली?" असं विचारलं नाही. विचारणार कोण? एवढंच मी पत्र म्हणून मासिकाला लिहून पाठवलं. ते छापलं. संपादकांचा फोन आला, आणखी काही लिहाल का?

मी हवेत. लेख कशावर लिहायचा हेही माझं मीच ठरवलं. आमच्या जवळच्या एका मोठ्या डोंगरावर, म्हणजे मॅड रिव्हर नव्हे, लिफ्ट चालवायला पेरूहून कॉलेजची मुलं येतात. तिकडे तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी असते, इकडे ऐन हंगाम. सुट्टीत काम करू देणाऱ्या तीन-चार महिन्यांच्या जे-१ व्हिसावर येतात, खुर्ची पकडून देतात, फावड्याने रॅम्प सारखा करतात, आणि मार्चमध्ये परत जातात. मी तीन आठवडे त्यांच्याशी बोलले. त्यांच्या खोलीवर गेले, त्यांच्यासाठी खिचडी नेली. लेख लिहिला, चार वेळा पुसून लिहिला, मुलीकडून इंग्रजी तपासून घेतलं.

अंक आला. फोटो मोठा, दोन पोरं हसताहेत, मागे निळं आकाश. लेखही होता. फक्त ती मुलं राहतात कुठे हा परिच्छेद नव्हता. शेजारच्या पानावर त्याच डोंगराच्या पायथ्याच्या नव्या फ्लॅटांची जाहिरात.

मी फोन केला. संपादक म्हणाले, जागा नव्हती. मी म्हटलं, शेजारी अख्खं पान होतं की. मग आवाज चढला, माझाच. शेवटी ते म्हणाले, "त्या मुलांची नोकरी आणि खोली एकाच मालकाच्या हातात आहे. हे छापून आल्यावर त्यांचं काय होईल, तू बघायला येणार आहेस का?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. पण ते आधी "जागा नव्हती" म्हणाले होते, आणि खरं कारण आधी सांगितलं असतं तर मी गप्प बसले असते. बहुतेक.

घरी नवरा म्हणाला, "मी काय सांगत होतो?" नऊ वर्षं झाली, अजून म्हणतो.

आणि तरीही मी दर वर्षी वर्गणी भरते. कारण दुसरं कोण लिहिणार आहे? मोठी राष्ट्रीय मासिकं इकडे फक्त पानगळीच्या फोटोंपुरती येतात, आणि डोंगराचं स्वतःचं चॅनेल काय दाखवतं ते सांगायला नको. गावातल्या स्कीच्या जुन्या वाटा १९३०च्या दशकात झाडं तोडून कोणी काढल्या, कुठल्या शेतकऱ्याने वाट अडवली, कुठली छोटी टेकडी बंद पडून तिच्यावर झाडी वाढली, हे लिहिणारी जागा एवढीच आहे. ती जाहिरातींवर जगते, कारण तुमच्यासारखे लोक ग्रंथालयात फुकट चाळून परत ठेवतात.

तुमच्या समोरचं मासिक चांगलं आहे का, हे मात्र मी सांगू शकत नाही, तुम्ही नाव दिलेलं नाही. जाहिराती बघा. सगळ्या एका डोंगराच्या आणि घरं विकणाऱ्यांच्या असतील तर माझा नवरा बरोबर. बूट बसवून देणारा, स्कीला धार लावणारा, मेपलचा पाक विकणारा शेतकरी, गावची पतपेढी, असे वीसेक छोटे असतील तर भरा, कारण त्यातला एक रुसला तरी अंक निघतो. मुलांसाठी स्की नवीन घेऊ नका, पहिल्या थंडीत शाळांमधून जुन्या सामानाचा बाजार भरतो, तारखा अशाच मासिकात येतात.

आणि तो परिच्छेद. ती मुलं आता तिशीला आली असतील, त्यामुळे इथे देते:

"चारला लिफ्ट थांबते. मुलं बसने महामार्गालगतच्या जुन्या मोटेलवर जातात. दोन खोल्या, सहा जण. हातमोजे हीटरवर पाळीपाळीने वाळतात, कारण सगळ्यांचे एकदम मावत नाहीत. भाडं पगारातूनच कापून घेतलं जातं. लिमाला आईला फोन लावताना ती खिडकीकडे पाठ करून बसतात, म्हणजे तिला मागचा बर्फ दिसतो आणि खोली दिसत नाही."

एवढ्याला जागा नव्हती.