वै. लिहायचं की हवालदार?

प्रश्न : ताई नमस्कार. आमचे अण्णा मागच्या पौषात गेले, 80 वर्षांचे होते. 1963 ला तोफखान्यात भरती झाले, हवालदार म्हणून रिटायर झाले आणि मग नाशिक रोडलाच घर बांधलं. पक्के वारकरी, गळ्यात माळ, संध्याकाळी सात म्हणजे सातला हरिपाठ, मग घरी कोणी का आलेलं असेना. आणि आमच्या शाळेचे बूट रविवारी रात्री स्वतः पॉलिश करून ओळीनं लावून ठेवायचे. आता वर्षश्राद्धाला कीर्तन ठेवतोय आणि छोटी पुस्तिका काढतोय, लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. भाऊ म्हणतो फौजेचंच लिही, वहिनी म्हणते भक्ती आधी. कव्हरवर नावाआधी वै. म्हणजे वैकुंठवासी लिहायचं की माजी हवालदार, यावरूनही भांडण. त्यात अण्णा लढाईबद्दल चकार शब्द बोलले नाहीत कधी, 1971 च्या युद्धात ते नेमके कुठे होते हेही आम्हाला माहीत नाही. काय लिहू? — एक मुलगी, नाशिक रोड

उत्तर : कव्हरचं भांडण आधी मिटवा. वै. पण लिहा आणि माजी हवालदार पण लिहा, आपल्याकडे दोन्ही चालतं, कोणी नावं ठेवत नाही. लक्ष ठेवायचं ते फ्लेक्सवाल्यावर. फौजी म्हटलं की हे लोक नेटवरून एक रणगाडा आणि दोन विमानं उचलून मागे चिकटवतात, आणि तोफखान्याच्या, म्हणजे तोफा चालवणाऱ्या, माणसामागे रणगाडा दिसला तर देवळाली कॅम्पापासून तुमच्या गल्लीपर्यंतचे सगळे जुने गनर, म्हणजे तोफखान्यातले जवान, कीर्तन सोडून तेच बोलत बसतील.

71 चं अंदाजानं एक ओळही लिहू नका. मेडल काढा. संग्राम मेडल असेल तर ते डिसेंबर 1971 ते डिसेंबर 1972 या काळात नोकरीत असणाऱ्या खूप जणांना मिळालं होतं, प्रत्यक्ष लढलेले असोत नसोत, नुसतं त्यावरून ‘शत्रूशी झुंजले’ वगैरे होत नाही. पश्चिमी स्टार असेल तर मात्र पश्चिम आघाडी, पूर्वी स्टार असेल तर आजच्या बांगलादेशाची बाजू. मेडल उजेडात तिरकं धरून कड बघा, तिथे बारीक अक्षरात नंबर, रँक आणि नाव असतं. आणि कृपा करून ब्रासोनं घासू नका, ती अक्षरंच झिजतात. जुनी पत्रं सापडली तर त्यावर गावाचं नाव शोधत बसू नका, नुसतं 56 एपीओ (आर्मी पोस्ट ऑफिस) नाहीतर 99 एपीओ असणार. 99 असेल तर सहसा ईशान्येकडचं पोस्टिंग समजायचं. डिस्चार्ज बुकात भरतीची तारीख, मेडलं सगळं असतं. ते हरवलं असेल तरी तुमचं बरंय, तोफखान्याचं रेकॉर्ड ऑफिस नाशिक रोड कॅम्पातच आहे, आर्मी नंबर, मृत्यूचा दाखला आणि आईंच्या पेन्शनचे कागद जोडून आईंच्या सहीनं अर्ज करा. अडलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा.

आता फौज आधी की भक्ती आधी. मला विचाराल तर अशी दोन प्रकरणं पाडूच नका. सातचा हरिपाठ यातला कुठल्या प्रकरणात घालणार तुम्ही? आईंना एवढं विचारा, माळ भरतीच्या आधीची की नंतरची? आधीची असेल तर माळकरी माणूस लंगरमध्ये, म्हणजे जवानांच्या भटारखान्यात, इतकी वर्षं जेवला कसा, एकादशीला काय खायचा, ड्यूटी असली की हरिपाठ कधी म्हणायचा. युनिटच्या मंदिरात शेजारी पंजाबी, तामिळ, गढवाली जवान असणार, त्यांच्यात हा नाशिकचा अभंग म्हणणारा गडी. त्यांच्या बॅटरीतलं, म्हणजे तोफखान्याच्या तुकडीतलं, कोणी हयात असेल तर आजच फोन करा, पुढच्या आठवड्यावर ढकलू नका. लढाईबद्दल बोलायचे नाहीत हे एका ओळीत तसंच लिहा, त्यात कमीपणा काही नाही. बुटांना मात्र अख्खं पान द्या, कुठल्या पॉलिशचा वास यायचा, तुम्ही शाळेतून चिखल लावून आलात की काय म्हणायचे, सगळं. ‘ढाण्या वाघ’ वगैरे कुणालाही चिकटतं, ते टाळा.

आणि तिथी पौष वद्य एकादशीच्या आसपास असेल तर कीर्तनकार आत्ताच ठरवा, त्या दिवसांत सगळे दिंड्यांबरोबर निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला असतात.

प्रश्न : आजोबांचा फौजेतला कोट आणि टोपी रामकुंडात सोडावी असं घरचे म्हणतात. सोडावी का? — सिन्नर

उत्तर : अजिबात नको. गोदावरीत कपडे टाकून आजोबांना काय मिळणारे, खाली साफसफाई करणाऱ्यांना त्रास तेवढा. कोट उन्हात सुकवून सुती कापडात गुंडाळा, कडुलिंबाचा पाला घालून ट्रंकेत ठेवा आणि पावसाळ्यानंतर एकदा उघडून बघा. खिसे तपासलेत का पण?