यामाहा आरएक्स १०० बाइकचं बोर-पिस्टन (सिलेंडर आणि त्यात वरखाली होणारा दट्ट्या) नवीन टाकलंय, पहिले किती किलोमीटर हळू चालवायची?

पहिले ५०० किमी स्पीड ४०-४५ च्या आतच ठेव, पुढचे ५०० हळूहळू वाढवत ने. पण नुसतं हळू चालवणं म्हणजे रनिंग (नवीन पार्ट एकमेकांत नीट बसवणं) नव्हे रे, टॉप गियरला २५ वर कुथवत नेलीस तर पिस्टनवर उलट जास्त लोड येतो. गियर बदलत राहा, एक्सलेटर थोडा दे थोडा सोड, एकाच स्पीडला तासभर धरून ठेवू नको.

इंजिनला तेल देणारा ऑइल पंप चालू असला तरी पहिल्या दोन-तीन टाक्यांना पेट्रोलमध्ये लिटरला २० मिली टूटी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनचं तेल) वेगळं घाल, कारण इंजिन खोलल्यावर पंपाच्या पाइपात हवा राहते आणि ती काढली नाही तर तेल पोचतच नाही. धूर जास्त येईल, येऊ दे. पंधरा-वीस किमी झाले की थांबून पूर्ण गार होऊ दे, हाताला सिलेंडरच्या फिन्स (बाहेरच्या पट्ट्या) थंड लागल्या पाहिजेत. पहिल्यांदा गार झाल्यावर सिलेंडर हेडचे नट परत टाइट करून घे.

घाट उतरताना एक्सलेटर पूर्ण बंद करून गियरमध्ये सोडू नको, पेट्रोल बंद म्हणजे त्यातलं तेलही बंद, मधून मधून थोडी रेस देत राहा. माझ्या पहिल्या गाडीचं इंजिन असंच उतारावर जाम झालं होतं, मागचं चाक एकदम घासत गेलं, क्लच दाबला म्हणून वाचलो. नवीन बोरवर दोन बोटं कायम क्लचवर ठेव. शंभरेक किमीनंतर स्पार्क प्लग काढून बघ, कॉफीसारखा तपकिरी हवा, पांढरा दिसला तर गाडी चालवू नको, आधी कार्बोरेटर दाखव.