ग्रामपंचायतीला पाण्याचे पिवळे कार्ड मिळाले, तर गावाला काय सांगावे?

पाणी पिणे बंद करा असे सांगू नका; कोणत्या स्रोताजवळ कोणता दोष आढळला, तो कोण आणि केव्हापर्यंत दुरुस्त करणार, आणि तोवर पाणी उकळून प्यावे, एवढे स्पष्ट सांगा. महाराष्ट्रात हे कार्ड स्रोतांच्या स्वच्छता सर्वेक्षणावरून दिले जाते. हातपंपाचा फुटलेला ओटा, गळकी जलवाहिनी, पाणी निर्जंतुक करणाऱ्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचा साठा अशा बाबी पाहून जोखीम ठरते. लाल म्हणजे तीव्र, पिवळे म्हणजे मध्यम, हिरवे म्हणजे सौम्य. फळ्यावर नुसता रंग लिहिला की अफवांना वाव मिळतो, म्हणून दोष ठिकाणासह लिहावा. शक्य असेल तेव्हा जलसुरक्षकाने, म्हणजे गावाच्या पाण्याची देखरेख करणाऱ्या कर्मचाऱ्याने, पाण्यातील क्लोरीन तपासणारी ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणीही लोकांसमोर करावी. नळाच्या पाण्यात द्रावणाचे थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला, तर पाण्यात जंतुनाशक क्लोरीन शिल्लक आहे, म्हणजे इथला पिवळा रंग चांगला, हे आवर्जून समजावून सांगावे, कारण कार्डाच्या रंगाशी त्याची सहज गल्लत होते. मात्र पाण्यात नायट्रेट किंवा फ्लोराइड किती आहे, हे कार्डावरून कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेचा रासायनिक तपासणी अहवाल लागतो, आणि हे घटक पाणी उकळूनही जात नाहीत.