प्रशिक्षण मालकाला, झेला गड्याच्या हाती

प्रश्न : मुरबाडजवळ आमची हापूसची २० झाडे आहेत, मी राहतो कळव्यात. गेल्या वर्षी दोन दिवसांचे फळबाग प्रशिक्षण घेतले, वहीभर टिपणे काढली. तरी यंदा वाशीला पाठवलेल्या पेट्यांत डागी फळे तितकीच निघाली. छोट्या बागायतदाराला अशा प्रशिक्षणाचा खरेच उपयोग होतो का?
– एक वाचक, कळवा

उत्तर : होतो, पण ज्याच्या हातून काम होते तो शिकला तरच. वर्गात आपण बसलात, आंबा उतरवला गड्याने. देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो, तिथे काळा डाग पडतो आणि आढीत (पेंढ्यात पिकत घातल्यावर) फळ देठाकडून कुजू लागते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या नूतन झेल्याला, म्हणजे फळ उतरवायच्या जाळीच्या काठीला, पाते असते. त्याने ३ ते ५ सेंटिमीटर देठासह फळ निघते. चौदा आणे तयार (पूर्ण वाढलेले, पण न पिकलेले) फळ सकाळी दहाच्या आत किंवा दुपारी चारनंतर उतरवा आणि लगेच सावलीत क्रेटमध्ये ठेवा. तापलेल्या जमिनीवर ढीग मुळीच नको. पुढच्या प्रशिक्षणाला गड्याला त्या दिवसाची मजुरी देऊन पाठवा. हा खर्च वाया जात नाही. काढणीच्या प्रशिक्षणाचा फरक त्याच हंगामात दिसतो.

कल्टारचे, म्हणजे दरवर्षी मोहोर यावा म्हणून झाडाच्या मुळांशी देतात त्या वाढरोधकाचे (पॅक्लोब्युट्राझोल), तसे नाही. अर्धवट ऐकून 'झाडाला एक माप' घालणारे बरेच आहेत आणि त्यात झाडांचे हाल होतात. झाडाचा विस्तार पूर्व-पश्चिम ८ मीटर, दक्षिण-उत्तर ६ मीटर असेल तर सरासरी ७. मीटरला ३ मिली धरून २१ मिली. ते ३ ते ६ लिटर पाण्यात मिसळून, बुंधा आणि विस्ताराची कड यांच्या मध्यावर १०-१२ सेंटिमीटर खोल २५-३० भोकांत सारखे ओतावे. वेळ १५ जुलै ते १५ ऑगस्ट. आधी तण काढावे. दहा वर्षांखालच्या किंवा अशक्त झाडाला देऊ नये. शेणखत-खते न देता नुसते कल्टार घातले तर झाड थकते, पालवी आखूड येते.

आणि उपयोग झाला की नाही हे एकूण पेट्यांवरून ठरवू नका. हापूस एक वर्ष धरतो, एक वर्ष रुसतो. एकाच वयाची ५ झाडे जुन्या पद्धतीने, ५ नव्या पद्धतीने ठेवा. प्रत्येक झाडाची फळे, बिनदेठाची फळे आणि आढीत पिकल्यावर टाकावी लागलेली फळे वेगवेगळी लिहा, सलग दोन हंगाम.