वाचक विचारतात: चेनसॉची गरारी, ड्रम आणि क्लच

प्रश्न (दापोलीहून): निसर्ग वादळात बागेतली झाडं आडवी झाली तेव्हा ५८ सीसीचं चेनसॉ घेतलेलं. दोन चेनी संपल्या, आता तिसरी टाकलीय तर ती धक्के मारत चालते आणि सारखी सैल होते. दुकानदार म्हणतो गरारी बदला, पण कुठली विचारलं की तोच मला नंबर विचारतो. मशीनवर तर काहीच लिहिलेलं नाही.

उत्तर: गरारीच, म्हणजे चेन ओढणारं दातांचं चक्र, गेलीय, दुकानदार बरोबर सांगतोय. चेन वापरून लांबते, म्हणजे रिवेट आणि त्यांची भोकं झिजतात, आणि त्या लांबलेल्या चेनच्या मापाने गरारीचे दातही खात जातात, मग तिच्यावर नवी कोरी चेन टाकली की माप जुळत नाही, ती दातावर चढते, धक्के देते आणि नवी असून लवकर जुनी होते. दोन चेनींमागे एक गरारी हा हिशोब धरून चाला. त्याहून बरं म्हणजे नवी गरारी टाकली की दोन चेनी आलटून पालटून वापरायच्या, तिघं बरोबर झिजतात आणि बरोबरच टाकून देता येतात. कव्हर काढून दातावर नख फिरवून बघा, अर्धा मिलिमीटर खोल खाच लागली तर विचार करत बसू नका.

आता नंबर. ‘५८ सीसीची गरारी द्या’ असं कधीच मागू नका, ते इंजिनाचं माप झालं. गरारीला लागतो पिच, म्हणजे चेनच्या कड्यांमधलं अंतर. चेनचे लागोपाठचे तीन रिवेट धरा, पहिल्याच्या मध्यापासून तिसऱ्याच्या मध्यापर्यंत व्हर्नियरने मोजा आणि दोनाने भागा. तीन रिवेटचं अंतर साडेसोळा मिलिमीटर आलं तर ०.३२५ इंच पिच, १९ च्या आसपास आलं तर ३/८. मोजायचं नव्या चेनवर, जुनी लांबलेली असते. या ५२-५८ सीसीच्या मशीनवर बहुतेक करून ०.३२५ आणि सात दात असतात, पण बहुतेक म्हणजे सगळ्या नव्हेत, म्हणून बारवर (चेन जिच्यावरून फिरते ती पट्टी) मागच्या बाजूला कोरलेलं पण वाचा, तिथे पिच आणि गेज दोन्ही सापडतं (जांभ्याची लाल धूळ बसलेली असते, ब्रशने घासा आधी). बारच्या टोकाला चक्र असेल तर त्याचाही पिच तोच पाहिजे. गेज म्हणजे बारच्या खाचेची रुंदी, ०.०५८ म्हणजे दीड मिलिमीटर, त्याचा गरारीशी संबंध नाही पण चेन घेताना लागतं. ऑरेगॉनच्या चेनवर आतल्या कडीवर २१ असेल तर ०.३२५ आणि ०.०५८. आणि ३/८ मध्ये लो प्रोफाइल हा वेगळा प्रकार आहे, छोट्या मशीनचा, त्याची गरारी वेगळी मागायची.

मग प्रश्न येतो ड्रमसकट (ड्रम म्हणजे क्लचभोवतीची वाटी) एकसंध गरारी घ्यायची का रिमवाली. रिमवाल्यात ड्रम तसाच राहतो, फक्त दातांची रिंग बदलायची, रोज लाकूड कापणाऱ्याने तीच घ्यावी. वर्षातून चार झाडं कापणाऱ्याला एकसंध पुरते. आतलं नीडल बेअरिंग मात्र गरारीबरोबर नवंच टाका, ते ड्रमच्या मानाने स्वस्त असतं आणि आमच्याकडच्या खाऱ्या हवेत नुसत्या पडून राहिलेल्या मशीनमध्ये पण गंजतं. बसवताना थोडं ग्रीस.

क्लच म्हणजे रेस दिली की ड्रमला धरून फिरवणारा भाग. तो ड्रमच्या बाहेर असेल तर गरारी काढायला आधी तो सोडवावा लागतो, आणि तो उलट्या आट्यांचा असतो, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की सुटतो. इंजिन अडवायला प्लगच्या भोकातून दोरी घालतात, ती नायलॉनची स्वच्छ घ्या, घरात पडलेला सुंभ नको, त्याचा काथ्या आत सुटतो. आणि पिस्टन वर येताना पोर्ट (सिलिंडरच्या भिंतीतलं धूर जायचं भोक) झाकलं गेल्यावरच घाला, नाहीतर दोरी पोर्टात चिरडेल. काही मशीनमध्ये ऑइल पंपाची तार ड्रमच्या खाचेत बसते, ती नीट बसली नाही तर सगळं झकास जोडूनही बारवर थेंब येणार नाही.

प्रश्न (वेंगुर्ल्याहून): सातऐवजी आठ दातांची गरारी लावली तर काम भरभर होतं म्हणतात, खरं का? आमचं काम जास्त करून माडांचंच.

उत्तर: चेन साधारण १४ टक्के जास्त वेगाने पळते हे खरं, पण इंजिन तेच आहे हो, वेग वाढला तेवढा जोर गेला. माडाचा बुंधा बाहेरून कडक, आतून मऊ, आणि किनाऱ्यालगतच्या माडाच्या सालीत वाळू भरलेली, म्हणजे चेनची धार पहिल्या कापातच बसायला लागते, त्यात आठ दात लावले की इंजिन दबणार, क्लच घसरणार आणि ड्रम तापून निळा पडणार. छोटा बार लावून काजूच्या फांद्या तोडत असाल तर लावून बघा. माडाला सातच. वेग हवाय तर कानस घ्या, ०.३२५ ला ४.८ मिलिमीटरची, आणि डिझेल भरताना दर वेळी दोन हात मारा. डिझेल म्हणजे माझ्या तोंडात बसलेला शब्द, पेट्रोल आणि टू-टी ऑइलच भरायचं.

प्रश्न (गुहागरहून): नवा ड्रम बसवला, आता रेस न देताच चेन फिरते. ड्रम खराब मिळाला का?

उत्तर: ड्रमवर आळ घेऊ नका. आधी आयडलचा स्क्रू कमी करून बघा. तरी फिरली तर क्लचची स्प्रिंग तुटलीय किंवा ताणलीय, त्यामुळे क्लचचे शू (ड्रमला आतून धरणारे तुकडे) आपोआप बाहेर येऊन ड्रमला घासतात. तेही ठीक असेल तर बेअरिंग जाम आहे, मशीन बंद करून, प्लगची वायर काढून, चेन उतरवून आणि ब्रेक सोडून ड्रम हाताने फिरवा, सुळकन फिरला पाहिजे. हे होईपर्यंत मशीन घेऊन झाडावर चढू नका.