वाचकांचे प्रश्न: फिएरो बंद का पडली?

प्रश्न: पॉन्टिॲक फिएरो ही अमेरिकन स्पोर्ट्स कार ५ वर्षांतच बंद झाली, तरी लोक अजून तिच्यावर जीव का टाकतात?

उत्तर: कारण गाडीची कल्पनाच जबरदस्त होती हो! इंजिन सीटच्या मागे, दोनच सीट, पोलादी सांगाड्यावर प्लॅस्टिकचे पॅनल, म्हणजे बॉडीला गंजाची भीती नाही. आणि हे सगळं अमेरिकेत, सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीत. इंजिनियर हुल्की अल्दिकाक्ती यांनी प्रोजेक्ट रेटला पण पॉन्टिॲकची मालक कंपनी जनरल मोटर्सने पैसा हात आखडूनच दिला, म्हणून कमी पेट्रोल पिणारी रोजच्या वापराची गाडी म्हणून ती मंजूर झाली आणि पुढचं सस्पेन्शन (चाकांचे धक्के झेलणारी रचना) कंपनीच्याच शेवेट गाडीचं, मागचं सायटेशन गाडीचं असं जमवाजमव करून बनवली. १९८४ ला आली तेव्हा इंजिन ४ सिलिंडरचं, २.५ लिटर, ताकद फक्त ९२ हॉर्सपॉवर, दिसायला वाघ पण पळायला साधीच. तरी पहिल्याच वर्षी सव्वा लाखाहून जास्त गाड्या बनल्या.

मग गाड्यांना आगी लागल्या. ऑइल कमी झालं की इंजिनातला कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) तुटायचा, ऑइल तापलेल्या एक्झॉस्टवर पडायचं आणि पेट घ्यायचं. नाव तिथेच खराब झालं. १९८५ ला ६ सिलिंडरचं व्ही६ इंजिन आलं, १९८८ ला नवीन सस्पेन्शन, गाडी खरी आत्ता जमली होती आणि त्याच वर्षी बंद केली, याचं मला अजून वाईट वाटतं. घ्यायचीच तर १९८८ ची व्ही६ घ्या.